फर्स्ट शिफ्टचा माणूस

मंडळी, एक गोष्ट पहिल्याच ओळीत सांगून टाकतो... मी क्वालिटीवाला माणूस आहे. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत चौदा वर्षं माझं काम एकच, पार्ट खराब निघाला की का निघाला ते शोधायचं. 'आपोआप झालं' हे उत्तर आमच्याकडे चालत नाही. एकदा एक ऑपरेटर म्हणाला, "साहेब, मशीनला नजर लागली." मी म्हटलं, "लागू दे, पण शेवटचं कॅलिब्रेशन कधी केलं होतंस तेवढं दाखव." अमावास्येला गाडी घेतलेला माणूस आहे मी. त्या दिवशी शोरूममध्ये गर्दी नव्हती, अर्ध्या तासात चावी हातात. तेव्हा खालचं वाचून कुणी मला घाबरट किंवा भाबडा म्हणणार असेल, तर आमच्या खात्यात येऊन चौकशी करावी. माझ्या नावाने लोकांना घाम फुटतो.

जागा नीट सांगतो, कारण पुढे ती महत्त्वाची आहे. चिंचवडला एमआयडीसीच्या कडेला आमची सोसायटी आहे. चौथा मजला, टू बीएचके. हॉल लांबीला सोळा फूट, रुंदीला अकरा, आणि त्याला पश्चिमेकडे गॅलरी. सोसायटी ज्या जागेवर उभी आहे तिथे पूर्वी एक कंपनी होती. ती बंद पडली, शेड पाडल्या, पाच-सात वर्षं नुसतं गवत वाढलं, मग बिल्डर आला. आपल्याकडे अशा किती सोसायट्या आहेत हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायच्या खात्यात, सव्वीस वर्षं काढली. मी फ्लॅट बुक केला तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "त्या जागंवर नको रं." मला वाटलं, आमची काळेवाडीची जुनी गल्ली सोडवत नाही म्हणून बोलतायत. मी ऐकलं नाही.

आता हेडसेटबद्दल. व्हीआर हेडसेट मी घेतला तो निव्वळ हौसेने. पहिले पंधरा दिवस घरात जत्रा होती. मनीषाने, म्हणजे बायकोने, उंच इमारतीच्या फळीवरून चालायचा गेम लावला आणि किंचाळून सोफ्यावर बसली. मेहुण्याने बॉक्सिंग करता करता ट्यूबलाइट फोडली. आई लांबूनच म्हणायची, "मला नको बाई, मला गरगरतं." शेजारच्या फ्लॅटमधला अभिजित माण गावच्या आयटी पार्कात कामाला आहे. तो आला, दहा मिनिटं क्रिकेट खेळला आणि हळूच म्हणाला, "राव, माझ्याकडे पण आहे हे. बॉक्समध्ये." तिसऱ्या आठवड्यात आमचाही कपाटावर गेला.

यावर माझं ठाम मत आहे आणि ते मी कुणापुढेही मांडायला तयार आहे. गेम वाईट नाहीत. पहिल्यांदा बॅट हातात घेऊन मैदानावर उभं राहिलं की अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू? पण खेळायचं म्हणजे आधी टीपॉय उचला, सोफा सरकवा, चार्जिंग बघा, चष्मा काढा, जमिनीवर हद्द आखा... तेवढ्या वेळात माणूस मोबाइलवर दोन डाव हरून झोपतोसुद्धा. आणि मुख्य म्हणजे यात तोंड झाकलं जातं. आपल्याकडे मॅच असो नाहीतर मालिका, घराने मिळून बघायची सवय. एकाने डोळ्यांना झापडं लावायची आणि बाकीच्यांनी त्याचे हातवारे बघत बसायचं, हे किती दिवस चालणार? पाहुणे आले की काढायची वस्तू झाली ती. आमच्या विंगमध्ये मला माहीत असलेले तिन्ही हेडसेट तेव्हा कपाटांवरच होते. ज्याला रोज खाली उतरवायला कारण आहे, त्याच्याच घरात हे यंत्र टिकणार.

आम्हाला कारण मिळालं ते अण्णांमुळे. मे महिन्यात ते बाथरूममध्ये पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, स्क्रू बसले, हाड जुळलं. पण अण्णा उठेनात. वॉकर धरून मिनिटभर उभे राहायचे, पाय लटपटायला लागले की खुर्चीत बसायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "हाडाचं काम मी केलं. आता भीतीचं काम त्यांनी करायचंय. दिवाळीपर्यंत पायावर वजन टाकलं नाही तर स्नायू जातील, मग हे अंथरुणावरच राहतील." एकाहत्तर वर्षांचा माणूस. ज्याने उभं राहून सव्वीस वर्षं प्रेस चालवली, तो दिवसभर खुर्चीत बसून भिंत बघायचा. मला ते बघवत नव्हतं.

म्हणून एका गुरुवारी (आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते) मी हेडसेट खाली काढला, अण्णांच्या डोक्यावर चढवला आणि चेंडू मारून डबे पाडायचा गेम लावून दिला. अण्णांना जे दिसतंय ते आम्हाला टीव्हीवर दिसेल अशी जोडणी केली, त्यामुळे तोंड झाकायचा प्रश्नही मिटला. आई टीव्हीसमोर बसून ओरडायची, "अहो, डावीकडचा राहिला!" अण्णा रंगले. रोज दुपारी जेवण झालं की "ते डबडं आण" म्हणायचे. पण खेळायचे ते बसूनच. मी उठा म्हटलं की म्हणायचे, "बसून पडत्यात की डबं. उठायची काय गरज?"

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं पुजतात. माझं मापाचं व्हर्नियर, अण्णांचे जुने पाने, सुऱ्या, कात्री, गाडी, सगळ्यांना झेंडूचं फूल. आईने त्याच पाटावर हेडसेटही मांडला. म्हणाली, "त्यांच्या पायाचं औषध आहे ते, त्याला नको का?" मी हसलो आणि खाली गाडीची पूजा करायला गेलो. परत येऊन बघतो तर आईने हेडसेटच्या पुढच्या बाजूला, चारही कॅमेऱ्यांवर, बोटभर हळद आणि कुंकू लावलेलं. "अगं आई, ते डोळे आहेत त्याचे!" तर म्हणते, "म्हणूनच तिथे लावलं." मी कपाळाला हात लावला. पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, म्हणून पुसलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी तिनाच्या आत-बाहेर अण्णा डबे पाडत होते. एकदम थांबले आणि म्हणाले, "नितीन, कोन उभं हाय तितं?"

मी टीव्हीकडे बघितलं. इथे एक सांगायला हवं. हेडसेट घालून खेळताना आपण कुणाला धडकू नये म्हणून त्यात सोय असते. आखलेल्या हद्दीत माणूस किंवा मांजर शिरलं की गेमच्या मध्येच त्याची चमकती पांढरट आकृती दिसते. तशी आकृती टीव्हीवर दिसत होती. गॅलरीच्या बाजूला, अण्णांच्या खुर्चीपासून सात-आठ पावलांवर, एक माणूस उभा. हॉलमध्ये त्या जागी काहीही नव्हतं. आई स्वयंपाकघरात, मनीषा खाली सोनं वाटायला गेलेली, आणि मी टीव्हीशेजारी.

मी खो-खो हसलो. म्हटलं, "अण्णा, आईचं कुंकू आहे ते!" हेडसेट घेतला, चारही कॅमेरे स्पिरिट लावून पुसले. कारण सापडलं, विषय संपला. परत घातला... तर माणूस तिथेच.

दुसरं कारण तयार होतं. पश्चिमेचं ऊन थेट कॅमेऱ्यात येतंय. पडदे ओढले, तरी तो तिथेच. जुनी हद्द पुसली, नवी आखली, तरी तिथेच. आता मी पेटलो. दसऱ्याला जोडून रजा टाकली होती, ती सगळी यात घातली. कंपनीत ठेवतो तसा तक्ता केला, कधी दिसतो, कधी जातो. चार दिवस एकच नोंद. तिनाला दहा कमी असताना यायचा आणि सहाला जायचा. सकाळी नाही, रात्री नाही.

चौथ्या दिवशी अभिजितला त्याचा हेडसेट घेऊन बोलावलं. वेगळ्या कंपनीचा, बॉक्समधून काढलेला, काचेवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. कुंकवाचा संबंध नाही. आणि मी त्याला काही सांगितलं नव्हतं, फक्त म्हटलं, सेटिंग बघायचंय. त्याने घातला, हद्द आखली आणि हसत म्हणाला, "काका तिकडे कशाला उभे आहेत? बसा की." मी म्हटलं, कोण काका? त्याने हेडसेट वर केला. गॅलरीपाशी कुणी नाही, अण्णा त्याच्या मागे खुर्चीत. खाली केला. परत वर केला. मग "भावा, माझा एक कॉल आहे," म्हणून जो गेला, तो चप्पल आमच्याच दारात सोडून गेला.

तोपर्यंत माझं लक्ष फक्त आकृतीकडे होतं, अण्णांकडे नाही. त्या दिवशी सहाला आकृती गेल्यावर मी आईला म्हटलं, "उद्या कस्टमर केअरला लिहितो." तेव्हा खुर्चीतून अण्णा म्हणाले, "नको लिहू. वळखतो मी त्याला."

मी त्यांच्याजवळ बसलो. "कोण आहे?"

"डावा खांदा पडलाय बघ त्याचा. गळ्यात टावेल हाय. साळव्या हाय त्यो."

साळवेकाका मला चांगले आठवतात. काळेवाडीला आमच्याच गल्लीत, शेवटच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर राहायचे. अण्णा आणि ते एकाच प्रेसवर होते, साळवेकाका फर्स्ट शिफ्टला आणि अण्णा सेकंडला. लहानपणी मी त्यांच्याच खांद्यावरून जयंतीची मिरवणूक बघितली आहे. कंपनी बंद झाली आणि दोघांचं बोलणंही बंद झालं. का, ते आम्हाला कधीच कुणी सांगितलं नाही. सहा वर्षांपूर्वी साळवेकाका गेले. आम्ही तेव्हा नुकते इकडे राहायला आलो होतो. अण्णा मयताला निघाले, गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि तिथूनच परत आले.

"आमच्यात रीत व्हती," अण्णा सांगायला लागले. "तिनाला शिफ्ट बदलायची. रिलिव्हर, म्हंजी फुडच्या शिफ्टचा मानूस, धा मिंटं आदी यायाचा. मशीनवर हात ठिवायचा आन् म्हनायचं, 'घेतली'. घेतली म्हनल्याबगर पयला मानूस हलायचा न्हाई. म्या येईस्तवर साळव्या कदी हलला न्हाई, आन् त्यो उभा ऱ्हाईल म्हनून म्या कदी उशीर केला न्हाई. त्या दिवशी गेटवर सेकंड शिफ्टला आडवलं. कंपनी बंद म्हनले. आतल्यांना म्हनले, घरला जा. समदे गेले. साळव्या न्हाई गेला. सहा वाजंस्तवर मशीनपाशी उभा. दाराकडं बगत. मंग वॉचमननं दंडाला धरून भायेर काढला."

सहा. माझ्या तक्त्यातला आकडा मी अण्णांना दाखवलेला नव्हता.

"पण तुम्हाला आत सोडलंच नाही ना? तुमचा काय दोष?"

"कॅन्टीनच्या मागचं फाटक उगडं व्हतं," अण्णा म्हणाले. "समद्यांना ठावं व्हतं. म्या जाऊ शकलो असतो. न्हाई गेलो... भ्यालो. वाटलं, नाव टिपतील, हिसाब आडकवतील. साळव्या मला एकदाच म्हनला, 'तू यायला पायजे व्हतंस.' त्यावर काय बोलनार?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण माझा स्वभाव जात नाही. मी विचारलं, "मशीन नेमकी इथेच होती कशावरून?" अण्णांनी गॅलरीकडे बोट केलं. बिल्डरने ठेवलेलं एक जुनं चिंचेचं झाड कंपाउंडला लागून आहे. "त्ये कॅन्टीनच्या दारात व्हतं. तितनं प्रेस शॉपचं दार आन् दारातनं आपली मशीन, सरळ रेषेत. आमाला तिच्यापासनं चिंचा दिसायच्या." मी मापून बघितलं. आकृतीची जागा झाडाच्या सरळ रेषेत होती. पण प्रेस जमिनीवर होती आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. चौथ्या मजल्याएवढी हवा मध्ये आहे, तिचं काय करायचं हे मला आजही कळलेलं नाही.

पुढचा दिवस गुरुवार. पावणेतीनला अण्णा म्हणाले, "डबडं आण. गेम नको, आपली खोली दिसंल आसं कर." हेडसेटच्या कॅमेऱ्यातून खोली बघता येते, तसं करून दिलं. आई टीव्हीसमोर. तिनाला दहा कमी झाले आणि आमच्या हॉलच्या चित्रात तो माणूस उभा राहिला. एक हात खांद्याएवढ्या उंचीवर, कशावर तरी टेकलेला. आणि मान सारखी आमच्या दाराकडे वळत होती. एवढे दिवस मी वेळ मोजत होतो, हे बघितलंच नव्हतं.

"बूट आण," अण्णा म्हणाले.

"कशाला?"

"प्रेस शॉपला आनवानी जायाचं आसतंय व्हय?"

मी माझे स्पोर्ट्स शूज त्यांच्या पायात चढवले, लेस बांधल्या. अण्णांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठले. मी पटकन दंड धरला. त्यांनी माझा हात झटकला. "सोड. हँडओव्हरला तिसरा मानूस लागत न्हाई. तू लायनीच्या भायेर थांब."

मंडळी, पाच महिने वॉकरशिवाय न उठलेला माणूस, डोळ्यांवर हेडसेट, खुब्यात स्क्रू. परत पडले असते तर सगळं संपलं असतं, आणि ते माझ्या देखत, माझ्या खेळण्यामुळे. मला त्यांना खुर्चीत ढकलावंसं वाटत होतं. पण आई म्हणाली, "जाऊ दे त्यांना." मी हात सोडला.

एक पाऊल. थांबले. पाय लटपटला. दुसरं. चौथ्याला ते डावीकडे कलले, माझा जीव गेला, पण सावरले. आठवं पाऊल टाकून ते त्या जागी पोचले, हात उचलला आणि हवेत पंजा सपाट टेकवला. त्या आकृतीच्या हाताशेजारी.

"घेतली," अण्णा म्हणाले. आणि मग हळू आवाजात, "जा आता. लई उभा केला तुला."

टीव्हीवर त्या माणसाने हात काढला. गळ्यातला टॉवेल ओढला, तोंड पुसलं. मग आमच्या दाराच्या दिशेने चालत गेला आणि हद्दीच्या कडेला विरून गेला. आईने हात जोडले.

मला वाटलं, झालं. म्हटलं, "अण्णा, या आता, बसा." तर अण्णा तिथून हलेनात. हात तसाच वर. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस. कपाळावरून घाम ओघळत होता. दोन्ही पायांवर वजन टाकून सरळ उभे... डॉक्टरांनी बघायला हवं होतं.

"अहो बसा ना!"

"आन् रिलिव्हर?" ते म्हणाले. "मशीन घेतलीय म्या."

मी आईकडे बघितलं. आई माझ्यावरच खेकसली, "मग जा की तू! बापाला किती ताटकळत ठेवतोस?"

आता माझी अवस्था समजून घ्या. ज्याने आयुष्यात नजर लागण्यावर विश्वास ठेवला नाही, तो माणूस आईच्या धाकाने कंपनीचे सेफ्टी शूज शोधत होता. शूज घातले, हद्दीच्या आत गेलो. अण्णांनी हेडसेट काढून माझ्या डोक्यावर ठेवला, माझा पंजा धरला आणि हवेत एका जागी नेऊन सोडला. "हितं." मी म्हटलं, "घेतली." आवाज माझा मलाच बारीक वाटला.

हाताखाली काही होतं का? हा प्रश्न मला सगळे विचारतात. माझं आयुष्य मशीनवर हात ठेवण्यात गेलंय. चालू प्रेसचा थरथराट मी झोपेतही ओळखेन. माझ्या पंजाला तो लागत होता. पण माझा हातही थरथरत होता, त्यामुळे यापेक्षा जास्त मी लिहून देणार नाही. हेडसेटमधून मला कुणीही दिसलं नाही, आपला हॉल दिसला आणि त्यातून पाठमोरे अण्णा चालत गेलेले दिसले. ते खुर्चीपाशी थांबले नाहीत. भिंतीला हात लावत थेट स्वयंपाकघरात गेले आणि आईला म्हणाले, "च्या टाक."

आणि मी तिथेच. खरं सांगू? हात काढता येत होता, पण काढवेना. मूर्खासारखा पाच मिनिटं उभा राहिलो. शेवटी डोकं चाललं. ओरडून विचारलं, "अण्णा, बंद मशीनला रिलिव्हर लागतो का?"

"बंद केल्याली मशीन? तिला कशाला लागतोय?" ते आतून म्हणाले. "उजव्या हाताला, कंबरंएवढ्या उंचीवर. तांबडं बटन."

मी तिथे हवेत अंगठा दाबला. काही झालं नाही. आवाज नाही, उजेड नाही, काही नाही. पण मग मला हलता आलं.

त्यानंतर तो माणूस कधी दिसला नाही. मी दोन्ही हेडसेट लावून बघितलं, तिनाला दहा कमीलाही बघितलं. अभिजितने त्याचा हेडसेट आम्हालाच देऊन टाकला आहे. व्हिडिओ आहे का? आहे, आईच्या मोबाइलवर, पहिल्या चार दिवसांत टीव्हीवरून काढलेला. ज्यांना दाखवला त्यातले निम्मे म्हणतात पडदा आहे, निम्मे म्हणतात एडिट केलंय. मीही त्यांच्या जागी असतो तर तेच म्हटलं असतं, आणि तावातावाने म्हटलं असतं. कुंकू, ऊन, सॉफ्टवेअर, मनाचे खेळ... सगळं तपासून झालं. दोन वेगळ्या यंत्रांना आणि काहीही माहीत नसलेल्या अभिजितला एकच चूक कशी होईल, हे मला कुणी समजावून द्यावं, मी मानायला तयार आहे. अण्णा मात्र आता रोज उभ्याने डबे पाडतात आणि काल आईला क्रिकेटमध्ये हरवलं.

दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी अण्णा म्हणाले, "काळेवाडीला घिऊन चल." साळव्यांच्या घराला लिफ्ट नाही, दोन मजले आहेत. काठी एका हातात, कठडा दुसऱ्या, मी दोन पायऱ्या मागे. प्रत्येक वळणावर अण्णा थांबत होते आणि मी काही बोललो की "गप" म्हणत होते. वर पोचल्यावर त्यांनी दम घेतला, टोपी सारखी केली आणि कडी वाजवली.

साळवेकाकूंनी दार उघडलं. पंधरा वर्षांत अण्णा त्या दारात गेले नव्हते. काकूंनी आधी त्यांच्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"लई उशीर केला, भाऊ," त्या म्हणाल्या.

अण्णांनी मान खाली घातली.

"व्हय वैनी," ते म्हणाले. "गेटवर आडवलं व्हतं."

काकू बाजूला झाल्या आणि अण्णा आत गेले.